सरूच्या डोळ्यांची तपासणी

"यंदा नाय येत मी पेणला. माझं डोळं चांगलं हायत," सरू म्हणाली.

"जायचं," तिचा नवरा केरू म्हणाला. नजर मात्र दाराच्या चौकटीवर.

सरू चार वर्षं सांध्यांची गोळी घेत होती. ती फार वर्षं घेतली तर कुणाकुणाच्या डोळ्याचा पडदा खराब होतो, म्हणून दरवर्षी तपासून घ्या, असं पेणच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. सरू विसरायची. केरू कधीच नाही.

रोह्याच्या कंपनीतून निवृत्त होऊन तो कासूला घरी आला, तेव्हापासून सरूला एक गोष्ट खुपत होती. बोलताना तो तिच्या तोंडाकडं बघतच नसे. कधी भिंतीकडं, कधी तिच्या खांद्यापलीकडं. तिची बोटं वाकडी झाली होती, चेहरा उतरला होता. आपल्याकडं आता बघवत नसेल ह्याला, असं तिनं मनाशी धरलं. विचारलं नाही. तसा तो कशात कमी पडत नव्हता. भाकरीची गरम उकडसुद्धा रोज तोच मळून द्यायचा.

गाडीत चढताना त्यानं तिचा हात घट्ट धरला. लोकांपुढं तेवढी माया, सरूला वाटलं.

दवाखान्यात डोळ्यांत थेंब घातले, यंत्रापुढं बसवलं, फोटो काढले. शेवटी डॉक्टरीणबाई हसल्या. "पडदा स्वच्छ आहे, मावशी. गोळी चालू ठेवा."

केरूनं हात जोडले. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

बाहेर बाकावर बसल्यावर सरूनं विचारलं, "एवढं काय भ्यायलात?"

केरूनं गुडघ्यावर हात ठेवला.

"मी कधी तपासून नाय घेतलं ना गो. रोह्याला असताना गुडघ्यांसाठी हीच गोळी खायचो. दुकानातून आणून, दिवसाला दोन-दोन. शिफ्ट चुकवायची नव्हती. दहा वर्षं खाल्ली. तुला घोर नको म्हणून बोललो नाय."

सरू त्याच्याकडं वळली. आणि हे सांगतानाही त्याची नजर पलीकडच्या खिडकीवरच होती.

"अवं, आता तरी माझ्याकडं बघून बोला!"

"तुझ्याकडंच बघतोय गो," केरू म्हणाला. "समोर बघितलं की तुझं तोंड पुसून जातं. असं बाजूला बघितलं, की दिसतेस."