उसना आवाज

"तू पडद्याआडून बोल, मी ओठ हलवते," म्हणत ऑर्नेलाने पिएरिनाच्या हातात माइक कोंबला.

रोममध्ये जीवनगौरव घ्यायला निघालेल्या या नटीचा स्वतःचा आवाज फाटक्या भोंग्यासारखा. चाळीस वर्षं कॅमेऱ्यासमोर ती संवादांऐवजी नुसते आकडे म्हणायची. नंतर त्यावर पिएरिनाचा मधाळ आवाज चढायचा. श्रेयनामावलीत पिएरिनाचं नाव मात्र कधीच नसायचं.

मंचावर ऑर्नेलाने सवयीने डोळे भरून आणले, ओठ हलवले: एक, दोन, तीन...

"रसिकहो," पडद्यामागून मध ठिबकला, "हा मान माझ्या पिएरिनाचा. तिच्याविना मी मुकी!"

ऑर्नेला सतरावर अडखळली. खोडून काढावं, तर भोंगा वाजणार. "केवढं मोठं मन!" म्हणत सभागृह उठून उभं राहिलं.

ऑर्नेलाने निमूटपणे अठरा म्हटलं.