हेरंबरावांचा नवा गुडघा

ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेले हेरंबराव दवाखान्याच्या खोलीतल्या टीव्हीच्या पडद्याकडे डोळे लावून बसले होते. खालच्या मजल्यावर यंत्र धातूच्या भुकटीचे थर वितळवून त्यांचा गुडघा घडवत होतं आणि कॅमेरा प्रत्येक थर तपासत होता. इतक्यात कॅमेरा बोलला, "थरात बारीक चीर. गुडघा रद्द. पुन्हा सुरुवात."

"परत? इतक्या चुका काढतं का कुणी?" हेरंबराव ओरडले.

जन्मभर भाकरीला नावं ठेवणाऱ्या नवऱ्याच्या तोंडी हे ऐकून शैलजाबाईंना हसू आवरेना.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी, नव्या गुडघ्यासह, हेरंबरावांनी दवाखान्याची पांचट खिचडी निमूट संपवली. म्हणाले, "छान होती हो."

शैलजाबाई घाबरून धावत बाहेर गेल्या. "डॉक्टर, तुम्ही नक्की गुडघाच बदललात ना?"