अंगठा

"सकाळी बोटं आखडतात?" डॉक्टरीणबाईंनी फॉर्म पुढं ओढत मला विचारलं.

"थोडी. थंडीनं," नवराच बोलला, जसा काही संधिवात त्यालाच झालाय.

"भाकरी थापता येते?"

"येते की! रोज खातो मी."

चार महिने भाकऱ्या लेक थापतेय, हे त्याला जेवताना कधी कळलं नाही. सांगून सांगून मीही दमले होते.

"मग आहे तेच औषध चालू ठेवू. इथं सही करा."

"सही बघा तिची! अंगणवाडीताई आहे," तो फुशारला.

पेन बोटांतून निसटलं. पुन्हा उचललं, पुन्हा निसटलं. शेवटी मी टेबलावरच्या शाईच्या पॅडवर सुजलेला अंगठा दाबला आणि फॉर्मवर उमटवला.

बाईंनी फॉर्म फाडला. "तुम्ही बाहेर बसा," त्याला म्हणाल्या. "ताई, पहिल्यापासून तुम्ही सांगा."