न लावलेलं विरजण

शत्रू गडावर राहील तेवढे दिवस बयजा गवळणीचं दूध वर खपणार होतं. तरी तीच सांगत आली, "नाईक, गनीम आज गड सोडतोय."

हेरांचा नाईक हसला. "वर सहा महिन्यांचं धान्य आहे! किल्लेदारानं तुझ्या कानात सांगितलं?"

"आज दूध घालायला गेले, तर मुदपाकखान्यात विरजण लावलं नाही. उद्या राहायचं असतं, तर दही नको?"

नाईक तडक उठला. कडा चढायला निघालेल्या तीनशे जणांना त्यानं थांबवलं.

सकाळी गड रिकामा होता. नाईक धावत बयजाकडे आला, तर गनिमानं जाताना तिची म्हैस नेलेली.

"लपवायची होतीस, बाई!"

"लपवली असती आणि वरून दिसली नसती, तर संशय येऊन ते उतरलेच नसते."

नाईकानं तिला मुजरा केला.

तीनशे आया निर्धास्त झाल्या. गोठ्यात रेडकू तेवढं आईसाठी हंबरत होतं.