सोडलेली भैरवी

बोट पुन्हा काळ्या पट्टीवर गेलं. गंगासागरनं पेटीचा भाता थांबवला, हात पदराला पुसले आणि बिलावल परत पहिल्यापासून धरला.

उद्या सकाळी वाजवून दाखवायचं होतं. जिल्ह्याच्या तालुकदारसाहेबांचा दौरा पाटोद्याला उतरला होता, आणि त्यांच्या बाईसाहेबांना मुलींना पेटी शिकवायला बाईमाणूस हवं होतं. थोरला भाऊ शहादेव ही बातमी घेऊन भर उन्हात धावत आला होता. नेमणूक झाली तर बीडला बंगल्यामागं स्वतःची खोली, स्वतःची चूल. नाही झाली तर दिवाळीनंतर सासरी परत. तिथं नवऱ्यानं दुसरी केली होती, आणि त्या दुसरीच्या हाताखाली राबायला कुणीतरी हवंच होतं. इथल्या भावजयीनं तिकडं तसा निरोपही धाडून ठेवला होता.

वडिलांनी तिला पेटीवर पुष्कळ शिकवलं. पण हात बसला तो भैरवीत. भजनाच्या शेवटी तिनं भैरवी धरली की उठायला निघालेली माणसं पुन्हा मांडी घालून बसत. आणि नेमकी तीच तिनं गावातल्या वैजनाथाला सोडली होती. मानमोडीच्या साथीत तिचा भारत तापानं फणफणला, तेव्हा पिंडीवर हात ठेवून ती म्हणाली होती, जे मला सगळ्यांत गोड आहे ते तुला सोडलं, लेकरू तेवढं ठेव. देवानं भैरवी घेतली. लेकरूही नेलं. त्याला आता तीन वर्षं होत आली.

मग उद्या वाजवायचं काय? भूप सोपा, पण तो सकाळच्या प्रहरी कसा वाजवणार? तोडी कच्ची. राहता राहिला बिलावल. त्याला पांढऱ्या पट्ट्या पुरतात. बोटं मात्र सवयीनं भैरवीच्या काळ्यांकडं वळत होती, गोठ्याची वाट धरणाऱ्या गुरासारखी.

"लोक वांगं सोडतेत, गवार सोडतेत," चुलीपुढून सुंदरबाई भावजय म्हणाली. "आमच्या वन्संनी हातातली भाकरच सोडली."

"तू गप गं," शहादेव म्हणाला. मग बहिणीजवळ येऊन बसला. आवाज उतरवून बोलला, "गंगे, देवानं त्याचं पाळलं न्हाई. तू कावून पाळतीस?"

तिनं भाता हलवला.

दिवेलागणीपर्यंत बिलावल कसाबसा उभा राहिला. गोडवा नव्हता त्यात. चुकत नव्हता, एवढंच. सकाळी तिनं नेमाचं बेलपान पिंडीवर वाहिलं. मागितलं काही नाही. मागणं तिनं केव्हाच बंद केलं होतं.

तंबूत बाईसाहेब लोडाला टेकून बसल्या होत्या. चेहरा करारी, पण बोलणं मऊ. पुरुषांना आत मज्जाव, म्हणून शहादेव कनातीपलीकडं थांबला. गंगासागरनं बिलावल वाजवला. एकदा बोट काळ्या पट्टीला शिवलं. तिनं ते झटक्यात उचललं. दोघी मुली ऐकता ऐकता पुढं सरकल्या. बाईसाहेबांनी मान डोलावली.

"हात तयार आहे. आता शेवटाला भैरवी होऊ द्या. तिच्याशिवाय बैठक उठते होय? तुमच्या भैरवीचं फार ऐकलंय आम्ही."

कनातीपलीकडं शहादेव खाकरला. वाजव, असंच तो सांगत होता. गंगासागरनं पट्ट्यांकडं पाहिलं. बोटं आपणहून भैरवीच्या जागी जाऊन बसली होती. एक भाता हलवायचा, की बीडची खोली तिची.

तिनं हात मांडीवर घेतले.

"भैरवी न्हाई वाजवत मी, बाईसाहेब. देवाला सोडलीय."

"सोडली? कशापायी?"

"लेकरू लई आजारी व्हतं माझं."

बाहेरचं खाकरणं थांबलं. आता पेटी मिटावी आणि उठावं, म्हणून तिनं भात्याची कडी शोधली. इतक्यात बाईसाहेबांचा हात तिच्या हातावर आला.

"राहू द्या मग. मोडू नका. औक्षवंत होऊ दे लेकरू तुमचं." त्यांचे डोळे भरून आले होते. "पोरासाठी एवढं पाळणारी बाईच मला माझ्या मुलींजवळ हवी. दसऱ्याला बीडला या. आणि त्यालाही घेऊन या बरं का. खोलीपुढं अंगण आहे, खेळेल. नाव काय त्याचं?"

गंगासागरनं वर पाहिलं. तीन वर्षांत घरात कुणी त्याचं नाव काढलं नव्हतं. काढलंच तर सुस्कारा टाकून, आवाज पाडून. इथं एक परकी बाई अंगणात त्याच्यासाठी जागा करत होती. खरं सांगायला तोंड उघडलं, आणि नाव बाहेर पडलं.

"भारत."

"केवढा आहे?"

कनातीपलीकडं शहादेवचं पाऊल वाजलं. तो तिथून दूर निघाला होता.

"येत्या श्रावणात," गंगासागर म्हणाली, "सातवं लागंल."