पासवर्ड विसरलात?

"हा बघ, आज पुन्हा विसरला," विजयसिंह स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाला.

संयोगितानं खुर्ची जवळ ओढली. एका खाजगी विद्यापीठाचं विद्यार्थी पोर्टल सुधारायचं काम त्यांच्या छोट्या कंपनीला मिळालं होतं. कोण कुठं अडतं हे बघता बघता एक खातं तिच्या नजरेत भरलं होतं. तहरीम अत्तार, कोडोली. रोज संध्याकाळी त्या खात्यावर कुणीतरी 'पासवर्ड विसरलात?' दाबायचं. विद्यार्थिनीच्या मोबाईलवर ओटीपी जायचा, 'संदेश पोहोचला' अशी हिरवी खूण यायची आणि तिथंच सगळं थांबायचं. आत कुणी कधी गेलंच नव्हतं.

"हा एक माणूस आत गेला ना, तर आपण पोर्टल सुधारलं म्हणायचं," संयोगिता म्हणाली.

ऑफिसात बसून उंटावरून शेळ्या हाकणं तिला पटायचं नाही. वापरणाऱ्याच्या दारात जायचं, शेजारी बसायचं, तोंड बंद ठेवायचं आणि नुसतं बघायचं, ही तिच्या कामाची रीत. दुसऱ्याच दिवशी ती कोडोलीला गेली.

पत्त्यावर शिलाईचं दुकान निघालं. मशीनवर तहरीमचे वडील, चमनचाचा बसले होते.

"पोर्टल मीच बघतो," ते म्हणाले. "पोरगी पुण्यात असती."

"मग पासवर्ड तिलाच विचारायचा की."

"ती कामात असती." चाचांनी कापडावर खडूची रेघ ओढली. "बसा की, ताई. च्या सांगतो."

दिवस कलला तसं त्यांनी हात धुतले, चष्मा चढवला आणि मोबाईल घेतला. बोट बरोबर त्याच जागी गेलं. पासवर्ड विसरलात? पान फिरत राहिलं. चाचा श्वास रोखून बघत होते. हिरवी खूण उमटली तेव्हा कुठं त्यांचे खांदे सैल पडले. त्यांनी मोबाईल खिशात टाकला.

"चाचा, पुढं ओटीपी टाकायचा असतो."

"झालं की आता. उद्या बघू."

संयोगिताला आपले वडील आठवले. तिचे आण्णा असेच होते. मोबाईल जमायचा नाही आणि लेकीला विचारायची लाज. 'असू दे की, उद्या बघू' म्हणून वेळ मारून न्यायचे. आण्णा गेले आणि त्यांना शिकवायचं राहूनच गेलं. या म्हाताऱ्याची रोजची हार तिला बघवेना.

"मी तुम्हाला सोपं करून देते," ती उठता उठता म्हणाली.

"नको, ताई. हाय हेच बरं हाय."

हे तर सगळेच म्हणतात. बदल म्हटलं की माणूस आधी नकोच म्हणतो आणि मागून हातच जोडतो, असा तिचा अनुभव होता.

ती हट्टाला पेटली. पालकांचं खातं तिनं मुलांपासून वेगळं काढलं. पासवर्ड नाही, ओटीपी नाही. आपल्या मोबाईलवर बोट टेकवलं की पान उघडावं. नवं पोर्टल सुरू झालं त्या दिवशी ती मुद्दाम कोडोलीला गेली आणि चाचांच्या हातानंच ते उघडायला लावलं. पान झटक्यात उघडलं. वर तहरीमचा फोटो होता, दोन वेण्या घातलेला.

चाचा फोटोकडं बघत राहिले.

"आता मेसेज कुणाला जात न्हाय?"

"कुणालाच नाही. तुम्हाला ताप नको आणि लेकीलाही नको."

"ताप कसला त्यात." त्यांनी बोटानं पान मागं सरकवून बघितलं. "जुनं पान परत न्हाय का मिळायचं?"

"ते आता कायमचं बंद, चाचा."

"व्हय." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "लई कष्ट घेतलासा, ताई."

त्यांचे डोळे भरून आले होते. परतीच्या वाटेवर संयोगितालाही रडू आलं. आण्णांचं काहीतरी फेडल्यासारखं तिला वाटत होतं.

दोन दिवसांनी विजयसिंहनं ऑफिसात भेळ मागवली. 'पासवर्ड विसरलात?' म्हणणारं कोडोलीचं खातं यादीतून गेलं होतं. एकच काम राहिलं होतं. ज्यांच्यासाठी बदल केला, त्या सगळ्यांना तो कसा वाटला हे विचारायचं. संयोगितानं तहरीमचा नंबर लावला.

"हॅलो, तहरीम का? मी कोल्हापुरातनं संयोगिता बोलतेय. तुमच्या अब्बांच्या संदर्भात..."

"माती झाली का?" पलीकडचा आवाज रडून रडून बसलेला होता. मागं एसटीची घरघर. "मी वाठारला पोचलेय, कोडोली जवळच आली. मला बघायला मिळंल का त्यास्नी?"

"कुणाची माती? तुम्हाला कुणी काय सांगितलं?"

"सांगणार कोण? घरात माझा फोन कुणी उचलत न्हाय. ठरलेलं लगीन मोडून मी घर सोडलं, तवा अब्बांनी सगळ्या पावण्यांसमोर कसम खाल्ली, हिच्याशी जलमात बोलणार न्हाय. लई शब्दाचा माणूस." तिला हुंदका आवरेना. "पर रोज सांजच्याला ओटीपी यायचा. पासवर्ड माझं घरातलं लाडाचं नाव हाय, म्याडम. ते इसरतील व्हय अब्बा? मेसेज आला की मला कळायचं, अब्बा बरे हायत. पोचला की त्यास्नी कळायचं, मी हाय. परवा आला न्हाय. कालबी न्हाय. तवाच मी समजले."

संयोगितानं समोरची भेळ बाजूला सरकवली.

"तहरीम, मेसेज मी बंद केला. पोर्टल सुधारायचं म्हणून."

पलीकडचा हुंदका एकदम थांबला. मग तहरीमनं अगदी हळू विचारलं, "म्हंजे... अब्बा हायत?"