वडनेरचा स्टोव्ह

पाच स्टोव्ह परत आले होते. सहावा वडनेरला सदाशिवरावांच्या घरी होता, आणि त्यांच्या पत्नी शकुंतलाबाई तो सोडायला तयार नव्हत्या.

"सहा महिन्यांपासून जळून राह्यला," त्या म्हणाल्या. "आताच फुटीन असं काऊन वाटते तुमाले?"

वासुदेवराव ओसरीच्या कडेला टेकले. अल्लीपूरहून सायकल हाणत आल्यानं सदरा पाठीला चिकटला होता. अल्लीपूरला त्यांचं भांड्यांचं दुकान. विकलेला माल परत द्या म्हणून दारोदार हात जोडत फिरायची पाळी बावीस वर्षांत कधी आली नव्हती.

"बाई, माह्याच घरी फुटला. याच पेटीतला. माही बायको अनुसया चहा ठेवत होती. चार पंप मारले अन् टाकी खालून उकलली. कोपरापर्यंत हात भाजला तिचा. मंग दुकानातले बाकीचे उपडे करून पाह्यले. साऱ्यांची खालची जोड कच्ची. कंपनीनं न तपासताच पेट्या भरल्या. तीन पत्रं टाकली, जवाब नाई."

"भडका मोठा होते का?" शकुंतलाबाईंनी विचारलं.

"आढ्याले लागते. अनुसया दारापाशी होती म्हून वाचली. लुगडं पेटलं असतं त काहीच हाती लागलं नसतं."

शकुंतलाबाईंनी वळून स्वयंपाकघराकडे पाहिलं. आपलं म्हणणं एकदाचं त्यांच्या मनात उतरलं, असं वाटून वासुदेवरावांना जरा हायसं झालं.

तेवढ्यात सून पाणी घेऊन आली. कोकिळा तिचं नाव. लग्नाला दोन वर्षं झालेली, स्वयंपाकघर तिच्याच गळ्यात.

"सूनबाई, तुमीच आयका," वासुदेवराव म्हणाले. "याले हात लावू नका."

"खालून उकलते म्हन्ता, काकाजी?" तिनं हळूच विचारलं. "मंग आताच घेऊन जा न."

"मालक वावरात हायेत," सासू मध्येच बोलली. "त्याइले विचारल्याबिगर देता येत नाई. पाठवून देऊ."

कोकिळा रिकामा गडवा घेऊन आत गेली.

स्टोव्ह काही आला नाही. वडनेरच्या मोटारीतून कोणी उतरलं की वासुदेवराव आधी त्याचा चेहरा पाहत. शेजारी कुणाच्या घरी भांडं पडलं तरी दचकत. जेवताना घास हातात तसाच राही. अनुसयाबाई पट्टी बांधलेल्या हातानं भाकर वाढत, तेव्हा त्यांना तो हात पाहवत नसे.

पोळा झाल्यावर ते पुन्हा गेले. या वेळी शकुंतलाबाईंनी दार अर्धंच उघडलं.

"सून माहेरी गेली गिरडले. आमी चुलीवरच करून राह्यलो. तुमचा स्टोव्ह माळ्यावर टाकला."

"तेवढा काढून देता का?"

"घरी कोनी मानूस नाई. मी चढू का आता माळ्यावर?"

मीच चढतो, असं वासुदेवरावांच्या जिभेवर आलं होतं. पण परक्या घरात संकोच वाटला. ते परत फिरले.

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी दुकानासमोर शिपाई उभा राहिला.

"वडनेरले चाला. सदाशिवरावाची सून जळून मेली. स्टोव्ह फुटला म्हन्तेत."

वासुदेवराव गल्ला उघडाच टाकून निघाले. वाटेत त्यांना सारं दिसत होतं: हातातल्या बेड्या, कुलूप लागलेलं दुकान, भर बाजारात अनुसयाबाईंकडे बोट दाखवणारी माणसं. त्याहूनही वाईट म्हणजे तो हळू आवाज. आताच घेऊन जा न.

अंगणात गर्दी होती. कोकिळाला नेलं होतं. स्वयंपाकघराची भिंत वरपर्यंत काळी झाली होती. खाली बांगड्यांचे तुकडे पडले होते आणि कोपऱ्यात पितळेचा वाकडातिकडा काळा पत्रा. जमादारानं त्याला काठीनं टोचलं.

"हाच का तुमचा स्टोव्ह?"

वासुदेवरावांची नजर बांगड्यांवरून हलत नव्हती.

"हाच," ते म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. कच्ची जोड, अनुसयाबाईंचा हात, दोनदा मारलेले हेलपाटे. आपण आपल्याच गळ्यात फास अडकवतोय हे कळत होतं, पण तोंड थांबत नव्हतं. जमादार लिहीत गेला. जमादारानं पुढं केलेल्या कागदावर वासुदेवरावांनी सही केली.

सदाशिवरावांनी मागून येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुमचा काही दोष नाई, वासुदेवराव. तुमी त सांगाले आलते. आमचंच नशीब फुटकं."

वासुदेवराव चार माणसांत ढसाढसा रडले. पोटच्या पोरीसारखी सून गेली आणि हा माणूस आपल्यालाच धीर देतो! एवढं मोठं मन त्यांनी पाहिलं नव्हतं.

"कंपनीले लिहू आमी," जमादार म्हणाला. "तुमी घरी जा. अपघाताचा कागद झाला."

तेरवी होऊन गेली. त्यानंतर एका दुपारी एक म्हातारा पोतं खांद्यावर घेऊन दुकानात आला.

"मी किसनराव. गिरडचा. कोकिळाचा बाप."

वासुदेवराव गादीवरून उठले आणि त्याच्या पायांवर वाकले. "मारा मले. माह्या हातानं इकला तो."

म्हाताऱ्यानं पाय मागं घेतले. त्याचे डोळे कोरडे होते.

"ठान्यातून येऊन राह्यलो. तुमचा कागद वाचून दाखवला त्याइनं. तुमचा स्टोव्ह फुटला म्हून लिहून देल्लं तुमी."

"हो."

"त्या पेटीतले वडनेरले किती इकले?"

"एकच."

किसनरावांनी पोतं खाली ठेवून सुतळी सोडली आणि आतला स्टोव्ह काढून गादीवर ठेवला. पितळ पिवळंधमक होतं. खालची जोड कच्ची होती, पण टाकी कुठंही उकललेली नव्हती.

"पोळ्याले आली तवा पोरीनं लुगड्यात लपवून आनला. म्हने, बाबा, काकाजीले नेऊन देजा, घरी राह्यला त सासू मलेच पेटवाले लावते. माह्यानं येनं झालं नाई. तवापासून हा माह्याच घरी पडून हाये."